नैराश्य, बायपोलर आजार आणि कुत्र्याचा सहवास : मेंदूत नेमके काय बदलते?

तुम्ही लिहिलेली परिस्थिती मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक झाली असेल तर ती इथेच तुमच्या लक्षात येईल. तुमच्या २६ वर्षांच्या धाकट्या भावाला ३ वर्षांपूर्वी बायपोलर आजाराचे (ज्यात नैराश्याचे आणि उन्मादाचे, म्हणजे अतिउत्साहाचे, टप्पे येतात) निदान झाले, मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम हे औषध त्याला चालू आहे, आणि गेले ७-८ महिने तो नैराश्याच्या टप्प्यात आहे. उशिरा उठतो, आंघोळ टाळतो, मित्रांचे फोन घेत नाही. पुण्यातल्या एका केंद्राने त्याच्यासाठी कुत्र्याच्या साहाय्याने १२ सत्रांची थेरपी सुचवली आहे. सत्रांच्या आधी आणि नंतर 'ब्रेन मॅपिंग' करून मेंदूतला फरक कागदावर दाखवू, आणि तो दिसला की औषधे कमी करता येतील, असे त्यांनी सांगितले आहे. आईचे मत असे की एवढे पैसे घालण्यापेक्षा घरीच लॅब्रॅडॉरचे पिल्लू आणावे. शेवटी तुम्ही जाता जाता लिहिले आहे की कोथरूडला मावशीकडे ६ वर्षांची एक देशी कुत्री आहे आणि तिच्याजवळ तो जरा खुलतो. तुमच्या पत्रातले हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. त्याकडे मी शेवटी येईन.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. गेली २२ वर्षे नाशिकमध्ये काम करतो आणि त्यांतली शेवटची ९ वर्षे एका प्रशिक्षित हँडलर (कुत्रा हाताळणाऱ्या) बाईंच्या आणि त्यांच्या कुत्र्यांच्या सोबतीने काही निवडक रुग्णांवर उपचार करतो. तुमच्या भावाला मी तपासलेले नाही, त्यामुळे त्याच्या औषधांविषयी मी काहीही ठरवून सांगणार नाही. पण तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न मिसळले आहेत. प्राण्याच्या सहवासात मेंदूची क्रिया बदलते का, हा पहिला. तो बदल म्हणजे आजार बरा होणे आहे का, हा दुसरा. आणि तुमच्या घराने आत्ता काय करावे, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर 'हो' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर आज उपलब्ध असलेल्या पुराव्यावरून 'नाही' असे द्यावे लागते. तिसऱ्याचे उत्तर भावाच्या झोपेवर, सध्याच्या टप्प्यावर, प्राण्याच्या स्वभावावर आणि घरातल्या माणसांच्या वेळेवर अवलंबून आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू, कारण त्यातच बरीच फसगत होते. घरी प्राणी पाळणे ही एक गोष्ट झाली. महाविद्यालयात किंवा रुग्णालयात कोणी शांत कुत्रा घेऊन येतो आणि लोक त्याला कुरवाळतात, ही दुसरी. प्राणिसाहाय्यित थेरपी ही तिसरी, आणि तिच्यात रुग्णाचे निदान, ठरवलेले उद्दिष्ट, प्रशिक्षित उपचारक, पारखून घेतलेला प्राणी आणि प्रत्येक सत्राची नोंद हे सगळे लागते. या तिसऱ्या पद्धतीचा आधुनिक इतिहास सांगताना बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकी बालमानसशास्त्रज्ञाचे नाव घेतले जाते. त्यांचा 'जिंगल्स' नावाचा कुत्रा एकदा खोलीत असताना एक अबोल मूल मोकळे होऊ लागले. हा अनुभव त्यांनी १९६१ मध्ये आपल्या व्यवसायबंधूंसमोर ठेवला आणि पुढच्या वर्षी त्यावर लेख लिहिला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की लेव्हिन्सन यांनी कुत्र्याला उपचारकाचा सहकारी म्हटले होते. उपचार करणारे ते स्वतःच होते. तुमच्या केंद्रात कुत्र्यासोबत कोण असणार आहे आणि त्या व्यक्तीचे शिक्षण काय आहे, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही.

आता मेंदूकडे वळतो. नैराश्यात मेंदूचा एखादा भाग बंद पडतो असे नाही. वेगवेगळ्या भागांचा एकमेकांशी असलेला ताळमेळ बिघडतो. धोक्याची आणि महत्त्वाच्या गोष्टीची दखल घेणारा अमिग्डाला हा भाग दुःखी किंवा रागीट चेहऱ्यांना गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देतो. कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग, जो लक्ष टिकवतो, योजना करतो आणि भावनांना आवर घालतो, तो आपले काम पुरेशा जोमाने करत नाही. आनंदाची चाहूल लागताच जागा होणारा, डोपामिन या रसायनावर चालणारा मेंदूच्या गाभ्यातला भाग मंदावतो; आवडीचे जेवण समोर असूनही हात पुढे होत नाही, ते यामुळे. शिवाय माणूस रिकामा बसला असताना स्वतःविषयीच्या विचारांत गुंतवणारे जे जाळे मेंदूत असते, ते अशा वेळी सुटता सुटत नाही, आणि 'माझेच चुकले' हा विचार घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. अनेक रुग्णांत कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची दैनंदिन लयही बिघडलेली असते. बायपोलर आजारात या सगळ्याच्या जोडीला झोप आणि दिवसरात्रीच्या चक्राची एक खास नाजूकता असते, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत तीच निर्णायक ठरू शकते.

प्राणी या चित्रात कुठून शिरतो? एक वाट लक्षाची आहे. एपिलेप्सीच्या शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेले होते अशा रुग्णांवरचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उजव्या अमिग्डालातल्या पेशी माणसांच्या, स्थळांच्या किंवा वस्तूंच्या चित्रांपेक्षा प्राण्यांच्या चित्रांना अधिक प्रतिसाद देतात असे आढळले, मग तो प्राणी भीतिदायक असो वा गोंडस. म्हणजे जिवंत प्राणी समोर आला की मेंदूला त्याची दखल घ्यावीच लागते. स्वतःच्याच विचारांत बुडालेल्या माणसाचे लक्ष बाहेर ओढून आणायला आम्हा उपचारकांना अनेकदा अर्धा तास घालवावा लागतो. तिथे कुत्र्याचे नुसते आत येणे पुरते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

दुसरी वाट स्पर्शाची आणि जवळिकीची आहे. दक्षिण आफ्रिकेत ओडेंडाल आणि माइंटजेस यांनी २००३ मध्ये १८ माणसे आणि १८ कुत्रे यांच्या शांत सहवासापूर्वीचे आणि नंतरचे रक्त तपासले. दोघांतही जवळिकीशी जोडलेले ऑक्सिटोसिन, बरे वाटण्याशी जोडलेले एंडॉर्फिन आणि डोपामिन वाढलेले आढळले, आणि माणसांतले कॉर्टिसॉल उतरलेले दिसले. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत जितके अधिक पाहतात, तितके दोघांच्या लघवीतले ऑक्सिटोसिन वाढते, आणि माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत मात्र तसे घडत नाही. हे निष्कर्ष सुंदर आहेत, पण त्यांचा अर्थ जपून लावावा लागतो, कारण रक्तातले किंवा लघवीतले प्रमाण म्हणजे मेंदूतले प्रमाण नव्हे. 'कुत्र्याला कुरवाळले की सेरोटोनिन वाढते, म्हणून गोळीची गरज नाही' असे जे व्हिडिओ तुम्हाला पाठवले जातात, ते या दोन गोष्टींतली मोठी दरी एका उडीत ओलांडतात.

स्पर्शाबद्दलही एक बारकावा सांगतो. आपल्या केसाळ त्वचेत काही मज्जातंतू असे आहेत की सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर या सावकाश वेगाने केलेल्या हळुवार स्पर्शाला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि तो संदेश शरीराच्या आतल्या जाणिवांशी जोडलेल्या इन्सुला या भागाकडे जातो. हे तंतू तळहातावर मात्र फारच थोडे असतात. त्यामुळे कुत्र्याला तळहाताने थोपटण्यापेक्षा तो मांडीला टेकून बसणे किंवा त्याचे अंग आपल्या दंडाला लागणे अधिक परिणामकारक असावे, असे मला वाटते. हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. तरीही सत्रात मी रुग्णाला 'हात फिरवा' असे सांगण्याची घाई करत नाही. कुत्र्याला शेजारी टेकून बसू देतो.

मेंदूच्या क्रियेचे थेट मापन केलेल्या अभ्यासांपैकी मला सर्वांत काळजीपूर्वक वाटलेला अभ्यास स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. २१ निरोगी व्यक्तींच्या कपाळावर प्रकाशाचे संवेदक लावून प्रीफ्रंटल भागातल्या रक्तातला प्राणवायू मोजण्यात आला. प्रत्येकाची ६ सत्रे झाली, ३ खऱ्या कुत्र्यासोबत आणि ३ कापडी खेळण्यातल्या प्राण्यासोबत. खेळण्यालाही ऊब आणि वजन असावे म्हणून त्याच्या आत गरम पाण्याची पिशवी ठेवली होती, आणि या एका तपशिलामुळे माझा त्या गटावरचा विश्वास वाढला. प्राणी नुसता दिसणे, मग अंगाला टेकणे, मग त्याला कुरवाळणे अशी जवळीक वाढत गेली तशी प्रीफ्रंटल भागाची क्रियाही वाढत गेली. खेळण्यासोबतही ती वाढली, पण कुत्र्यासोबत अधिक. शिवाय पुढच्या सत्रांगणिक कुत्र्याच्या बाबतीत ही वाढ चढत गेली, खेळण्याच्या बाबतीत तसे दिसले नाही. ओळख मुरत जाते तसा मेंदू त्या सहवासात अधिक गुंततो, असा त्याचा अर्थ लावता येतो.

दक्षिण कोरियातल्या कोंकुक विद्यापीठाने २०२४ मध्ये ३० प्रौढांवर ईईजीने (डोक्यावर संवेदक लावून मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणाऱ्या तपासणीने) केलेला अभ्यासही याच दिशेने जातो. एका शांत पूडल कुत्रीबरोबर खेळताना आणि फिरताना निवांत जागेपणाशी संबंधित अल्फा लहरी वाढल्या, तर तिचे केस विंचरताना आणि तिला हलका मसाज करताना एकाग्रतेशी संबंधित बीटा लहरी वाढल्या. म्हणजे 'कुत्र्याचा परिणाम' असा एकच परिणाम नसतो. त्याच्याबरोबर तुम्ही काय करता त्यावर तो ठरतो. बॉस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा २०१४ चा अभ्यासही इथे आठवतो. १४ मातांना स्वतःच्या मुलाचे आणि स्वतःच्या कुत्र्याचे फोटो दाखवले असता भावना, जवळीक आणि समाधान यांच्याशी संबंधित मेंदूचे अनेक भाग दोन्ही वेळा उजळले. मध्यमेंदूतला बंध जुळवणारा एक भाग मात्र फक्त मुलाच्या फोटोला जागा झाला. प्राण्याचा लळा खराच असतो, पण माणसाच्या नात्याची जागा तो पूर्णपणे भरत नाही, हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो.

आता हे पुन्हा वाचा आणि या अभ्यासांत कोण सहभागी होते ते पाहा : एपिलेप्सीचे रुग्ण, स्वयंसेवक, माता, कुत्र्यांचे मालक. निदान झालेल्या नैराश्याच्या किंवा बायपोलरच्या रुग्णांवर, थेरपीच्या पूर्ण कालावधीत, मेंदूचे चित्रण करून केलेले भक्कम काम अजून फारच तुटपुंजे आहे. जवळचे म्हणावे असे एक उदाहरण कोलंबिया विद्यापीठाचे आहे. तिथे आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी) असलेल्या १९ माजी सैनिकांना ८ आठवडे घोड्यांच्या साहाय्याने थेरपी देऊन आधी व नंतर एमआरआय काढले गेले. समाधान आणि प्रेरणेशी संबंधित कॉडेट या भागाची इतर भागांशी असलेली जोडणी वाढलेली दिसली. परंतु तो आजार वेगळा आहे, संख्या लहान आहे, आणि घोड्यांशिवाय तेवढाच वेळ, तेवढीच माणसे आणि तेवढीच मोकळी हवा मिळालेला तुलनेचा गट तिथे नव्हता. कुत्रा किंवा घोडा कधी एकटा येत नाही. त्याच्याबरोबर एक प्रेमळ माणूस येतो, ठरलेली वेळ येते, घराबाहेर पडणे येते. बदलाचे श्रेय यांतल्या कोणाचे, हे वेगळे काढणे या क्षेत्रातले सर्वांत अवघड काम आहे. शिवाय गोळीऐवजी साखरेची गोळी देता येते तसा 'नकली कुत्रा' देऊन रुग्णाला अंधारात ठेवता येत नाही.

मेंदूचे चित्रण बाजूला ठेवून लक्षणांपुरते पाहिले तर चित्र जरा भरते. नैराश्यावर अशा उपक्रमांचा परिणाम तपासणाऱ्या २००७ च्या एका एकत्रित विश्लेषणात निकषांना उतरणारे फक्त ५ अभ्यास हाती लागले होते, आणि त्यांतून मध्यम स्वरूपाचा फायदा दिसला. २००५ मध्ये होंडुरासमधल्या एका प्रयोगात सौम्य ते मध्यम नैराश्याच्या ३० रुग्णांपैकी निम्म्यांना डॉल्फिनसोबत आणि निम्म्यांना डॉल्फिनशिवाय समुद्रात पोहायला नेले. २ आठवड्यांनंतर डॉल्फिनच्या गटातली लक्षणे अधिक उतरली. पण २ आठवड्यांची उष्ण समुद्रकिनाऱ्यावरची सहल आणि डॉल्फिन भेटल्याचा हर्ष यांतून टिकाऊ उपचाराचा निष्कर्ष काढायला मी तयार नाही, आणि बंदिस्त डॉल्फिनचे हाल पाहता तसा मार्ग असूही नये. भारताने २०१३ मध्ये डॉल्फिनेरियमना, म्हणजे डॉल्फिन कोंडून त्यांचे खेळ दाखवणाऱ्या केंद्रांना, परवानगी नाकारली, ते योग्यच झाले.

माझ्या कामाला खरी दिशा दिली ती नॉर्वेतल्या अभ्यासांनी. तिथे नैराश्याच्या रुग्णांना १२ आठवडे दुभत्या गाईंच्या गोठ्यांवर पाठवले गेले. संशोधकांनी ते काम करतानाचे चित्रीकरण तपासले, तेव्हा असे आढळले की गाईजवळ नुसते उभे राहण्यापेक्षा प्रत्यक्ष काम करण्याने अधिक फायदा झाला, आणि तोही त्या कामातले कौशल्य वाढत गेले तरच. हे वाचले तेव्हा माझ्याकडे निफाड भागातला एक द्राक्षबागायतदार उपचार घेत होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) औषधांनी त्याची झोप आणि भूक सुधारली होती, पण तो ओटीवरच्या खाटेवरून उठत नसे. घरी दोन गाई आणि एक कालवड होती. आम्ही बागेचा विषयच काढला नाही, कारण बाग म्हणजे त्याच्यासाठी कर्ज होते. सकाळी साडेसहाला कालवडीच्या गव्हाणीत वैरण टाकायची, एवढेच काम ठरवले. दुसऱ्या आठवड्यात गोठा झाडणे आले, पाचव्या आठवड्यात त्याने धार काढली. त्याने मला सांगितले की कालवड आता त्याच्या पावलांच्या आवाजाला कान टवकारते. ज्या माणसाला आपण कोणाच्याही कामाचे नाही असे वाटत होते, त्याच्या येण्याची कोणीतरी वाट पाहत होते.

त्याच्या मेंदूत काय झाले याचे चित्र माझ्याकडे नाही. मला जे कळते ते असे : प्राण्याच्या जवळ असताना लक्ष बाहेर येते, ताण उतरतो, प्रीफ्रंटल भाग थोडा जागा होतो, आणि काही मिनिटांची, फार तर तासाभराची एक फट उघडते. ती आपली आपणच टिकत नाही. तिच्यात आम्ही एखादी कृती, एखादे बोलणे किंवा दिवसाची एखादी ठरलेली वेळ बसवली, आणि ते रोज घडत गेले, तर मेंदू त्या सरावातून हळूहळू बदलतो. जसा तो कोणत्याही चांगल्या मानसोपचाराने बदलतो. फट तशीच मोकळी सोडली तर सत्र संपल्यावर रुग्ण हसतमुख घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंथरुणात असतो.

माझ्या खोलीतले एक उदाहरण देतो. महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी तीन सत्रे जवळजवळ काहीच बोलली नव्हती. चौथ्या सत्रात आमची ८ वर्षांची लॅब्रॅडॉर तिच्या पायाशी येऊन पसरली. बऱ्याच वेळाने त्या मुलीने विचारले, "हिला रात्री झोप लागते का?" हँडलर बाईंनी तिला कुत्रीच्या झोपेबद्दल शांतपणे सांगितले, आणि मग मी तिच्या स्वतःच्या झोपेबद्दल विचारले. चार महिने तिला पहाटे तीनला जाग येत होती आणि त्या अंधारात मरणाचे विचार येत होते, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले. कुत्री नसती तर ते कळायला आणखी किती आठवडे गेले असते, याचा विचार मी आजही करतो. त्यानंतर तिला आधार दिला तो औषधाने, आईवडिलांनी ठेवलेल्या लक्षाने आणि नियमित समुपदेशनाने.

आता 'ब्रेन मॅपिंग'बद्दल. या नावाखाली बहुतेक ठिकाणी ईईजीची रंगीत आलेखणी मिळते. ईईजी हे उपयुक्त साधन आहे, पण एका माणसाच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन नोंदी शेजारी ठेवून 'थेरपीने मेंदू सुधारला' असे म्हणता येत नाही. आदल्या रात्रीची झोप, सकाळचा चहा, डोळे मिटलेले की उघडे, खोलीतली धास्ती, यांतल्या प्रत्येक गोष्टीने लहरी बदलतात. लिथियममुळे मंद लहरी वाढू शकतात, झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्यांनी बीटा लहरी वाढतात. दुसऱ्या खेपेला माणूस यंत्राला सरावलेला असतो, म्हणून निवांत असतो, आणि तेवढ्यानेही अल्फा वाढतो. कपाळाच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या अल्फा लहरींच्या फरकावर नैराश्याचे संशोधन अनेक वर्षे चालले आहे, तरीही एकट्या रुग्णाचे निदान किंवा प्रगती ठरवण्याइतके ते विश्वासार्ह ठरलेले नाही. अशा आलेखावरून लिथियम कमी करणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे होय. लिथियम अचानक थांबवल्यास पुढच्या काही महिन्यांत आजार उलटण्याचा, विशेषतः उन्मादाचा, धोका वाढतो. आत्महत्येचा धोका कमी करण्यात ज्या मोजक्या औषधांचा उपयोग दिसला आहे, त्यांत लिथियमचे स्थान मोठे आहे. तो निर्णय फक्त तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांचा.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर : सहवासाने मेंदूची क्रिया त्या वेळेपुरती बदलते याला बरा पुरावा आहे, तो मुख्यतः निरोगी लोकांवरचा आहे, आजारी लोकांत लक्षणे थोडी उतरतात असे दिसते, आणि तो फायदा मुख्य उपचारांच्या जोडीला घ्यायचा असतो.

बायपोलर आजारात मी आणखी काही गोष्टी पाहतो, आणि पिल्लाचा प्रश्न इथे येतो. दोन-तीन महिन्यांचे लॅब्रॅडॉर रात्री दोनदा-तीनदा उठते, रडते, त्याला बाहेर न्यावे लागते. बायपोलर असलेल्या माणसाची झोप काही रात्री सलग मोडली तर ती त्याला उन्मादाकडे ढकलू शकते, आणि नैराश्यातून वर येण्याचा काळ याबाबतीत विशेष नाजूक असतो. म्हणून आईंना माझी कळकळीची विनंती आहे की आत्ता पिल्लू आणू नका. दुसरे म्हणजे, प्राणी आणण्याची ओढ हीच कधी कधी आजाराचे लक्षण असते. माझ्या एका रुग्णाने उत्साहाच्या चढत्या टप्प्यात एका आठवड्यात दोन बीगल पिल्ले विकत घेतली. मन उतरल्यावर त्याच्याने त्यांचे काही होईना, सगळे त्याच्या आईवर पडले, आणि 'मी मुक्या जिवांनाही नीट सांभाळू शकत नाही' ही टोचणी त्याच्या नैराश्यात भर घालत राहिली. तिसरी गोष्ट लिथियमची. अंगातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते, त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी कुत्र्याला फिरवायला नेणे टाळावे आणि पाणी भरपूर प्यावे. हातांची थरथर वाढली, उलट्या-जुलाब झाले किंवा चालताना तोल जाऊ लागला तर थांबू नये; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक चूकही सांगायला हवी, कारण ती कोणत्याही केंद्रात होऊ शकते. आमची पहिली कुत्री वयोमानाने थकली, तेव्हा तिची सत्रे मी एकदम बंद केली. दीड वर्ष तिच्या सोबतीने सावरलेल्या एका रुग्ण स्त्रीला मी त्यासाठी आधी तयार केले नव्हते. त्या रुग्णाला तो विरह फार लागला आणि तिची लक्षणे परत डोके वर काढू लागली. तेव्हापासून आम्ही पहिल्याच सत्रात शेवटाविषयी बोलतो : किती सत्रे, मग काय, आणि कुत्र्याला काही झाले तर काय. प्राण्याचीही बाजू आहे. आमचा कुत्रा दिवसात दोनपेक्षा जास्त सत्रे करत नाही. जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला किंवा मान फिरवून बसला तर सत्र तिथेच थांबते. थकलेला, वैतागलेला प्राणी कोणाला शांत करू शकत नाही आणि चावूही शकतो. रेबीजची लस वेळेवर झालेली असणे ही पहिली अट, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची लस आणि गोचिडांची काळजी हीही तितकीच गरजेची.

तुमच्या केंद्राकडे जायचेच असेल तर आधी एवढे विचारा : सत्र घेणारी व्यक्ती मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात कुठे शिकलेली आहे, ती तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायला तयार आहे का, १२ सत्रांचे उद्दिष्ट लेखी काय आहे, आणि कुत्र्याच्या लसीकरणाचे व स्वभावचाचणीचे कागद पाहायला मिळतील का. उत्तरे सरळ मिळाली तर ब्रेन मॅपिंगचे पैसे वाचवून सत्रे घ्यायला माझी हरकत नाही. उत्तरांऐवजी आलेखच पुढे केला गेला, तर तिथून परत या.

आणि आता मावशीकडची कुत्री. ती ६ वर्षांची आहे, स्वभावाने माहीत झालेली आहे, तुमच्या भावाशी तिची ओळख आहे, रात्रीची जबाबदारी मावशीची आहे आणि पैसे लागत नाहीत. बाझेलच्या अभ्यासात ओळखीगणिक वाढलेला प्रतिसाद आणि नॉर्वेच्या गोठ्यांतले काम, या दोन्ही गोष्टी तुम्हाला तिथे मिळू शकतात. तुमच्या डॉक्टरांना विचारून असे करून पाहा : आठवड्यातले ठरावीक दिवस, ठरावीक वेळ, शक्यतो सकाळची, कारण सकाळचा उजेड आणि ठरलेली उठण्याची वेळ त्याच्या चक्राला आधार देतील. पहिल्या आठवड्यात नुसते जाऊन तिच्याशेजारी बसणे, दुसऱ्यात तिला खायला घालणे, पुढे अंग विंचरणे, मग सोसायटीतल्या सोसायटीत एक फेरी. रोज एका वहीत चारच गोष्टी लिहा : किती वाजता झोपला, किती वाजता उठला, आंघोळ झाली का, आणि आपणहून कोणाशी बोलला का. चार-सहा आठवड्यांची ही वही डॉक्टरांना कोणत्याही रंगीत आलेखापेक्षा अधिक सांगेल. झोप अचानक चार-पाच तासांवर आली आणि तरीही तो ताजातवाना, भरभर बोलणारा दिसू लागला, तर ती सुधारणा समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मरणाविषयी काहीही बोलला तर त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टर मिळेपर्यंत टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते.

पहिल्या दिवशी तो मावशीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरला तरी त्याला टोकू नका. वहीत तेवढेच लिहा, आणि मावशींना सांगून ठेवा की दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला कुत्रीला दारात आणून बसवा.